बापू बर्फात

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हिवाळ्यात दोन स्थलांतरं चालतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरतात आणि त्यांचे फोटो काढायला शनिवारी पुण्याहून गाड्या येतात. साधारण त्याच सुमारास इथला ऊस बागायतदार बायको आणि दोन मित्रांची जोडपी बरोबर घेऊन उलट दिशेनं गुलमर्गला निघतो. हंस थंडी चुकवायला येतात, हा थंडी गाठायला जातो. पक्ष्यांवर पुस्तकं निघाली, बागायतदाराच्या वाट्याला नुसती थट्टा आली: तीन रात्री, भाड्याचा कोट, भाड्याचे बूट, मोबाइल भरेपर्यंत फोटो आणि परत आल्यावर पारावर एकच वाक्य, "लई गार हाय." या माणसाला गावोगावी आबा, अण्णा, तात्या अशी वेगवेगळी नावं असतात, आपण त्याला बापू म्हणू. बापूला तिथलं काही दिसत नाही, कळत नाही, उसाचं बिल उधळायला तो जातो, असा शहाण्यांचा निकाल आहे. मला तो मान्य नाही. गुलमर्गला येणाऱ्या पर्यटकांत बर्फाकडे खऱ्या जाणकारीनं बघणारा बापूच असतो, कारण बाकीचे बर्फ बघत असतात आणि तो पाण्याचा साठा बघत असतो.

आधी तो निघतो कधी ते बघा. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि पंधरा-सोळा महिन्यांनी, पुढच्या वर्षीचा हंगाम सुरू झाला की तुटतो. ऊसतोडीची टोळी फडात शिरेपर्यंत बापू तालुक्याची वेस ओलांडत नाही. कारखान्याच्या चिटबॉयचा फोन आला आणि बापू श्रीनगरला निघालाय असं कळलं, तर टोळी शेजाऱ्याच्या फडात जायला वेळ लागत नाही. तोड झाली, शेवटची खेप काट्यावर गेली, खोडव्याला पहिलं पाणी बसलं, की मग तिकिटांचा विषय निघतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळावं असं 1966 सालचा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बापू तिकिटं काढताना त्यात थोडी वाढ धरून चालतो. एवढं जमलं तरी दारात गायी असतात, त्यांची धार सकाळ-संध्याकाळ काढावी लागते आणि डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नाही. त्यासाठी गावातच राहणारा, मनानं चांगला आणि पुढच्या वर्षी आपल्यालाही नेतील अशी आशा धरून असलेला मेहुणा लागतो. कालव्याची पाळी कधी आहे ते बघावं लागतं. एवढ्या अडचणींतून वाट काढत जे तीन दिवस हाती लागतात, त्यांना उधळपट्टी म्हणणाऱ्यानं एकदा दोन गायी पाळून बघाव्यात. "तीन दिवसांत काश्मीर काय बघून होणार?" हा प्रश्न पगारी रजा असलेल्यांचा आहे.

दुसरा आक्षेप असा की बापू तिथं जाऊनही शेतातच असतो. हे खरं आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. त्यामुळे ज्याच्याकडे पोस्टपेड तो आपोआप सहलीचा पुढारी होतो. हा फोन घरच्यांची खुशाली विचारायला लागतो असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं विहिरीवर बसवलेली मोबाइल स्टार्टरची पेटी पाहिलेली नाही. शेतीला थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. गुलमर्गच्या गोंडोला रोपवेच्या दुसऱ्या टप्प्यानं अफरवटच्या उतारावर, तेरा हजार फुटांवर पोचलेला बापू हातमोजा दातानं ओढून काढतो, नंबर लावतो आणि साडेपाचशे मीटर उंचीवरच्या बारामतीत त्याची मोटर सुरू होते. शेजारी उभी असलेली दिल्लीची मंडळी बर्फ उडवत व्हिडिओ काढत असतात. बापूनंही काढलेला असतो, नाही असं नाही. पण डोळ्यांसमोर हा एवढा पांढरा पसारा आणि डोक्यात स्वतःच्या मोटरीचा विचार, अशा अवस्थेत उभा असलेला माणूस समोरच्या बर्फाचं पाण्यात रूपांतर केल्याशिवाय राहील तरी कसा?

त्याच्या कपड्यांवरून आणि धडपडीवरून होणारे विनोद मी बाजूला ठेवतो. ते खरे आहेत आणि सोपे आहेत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट-पँट घालून बर्फात उभा राहिल्यावर फोटोत फक्त माकडटोपी आणि मिशा दिसतात, तेव्हा त्याला नाइलाजानं भगवा-निळा भाड्याचा कोट चढवावा लागतो. स्कीइंगच्या फळ्या तो पायाला बांधतो, हातात काठ्या धरून फोटो काढतो आणि सोडतो. 1927 साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी इथं स्की क्लब ऑफ इंडिया काढला तो बापूच्या गुडघ्यांचा विचार करून नव्हे. स्लेजचं भाडं तो घासाघीस करून निम्म्यावर आणतो, पण ओढणारा माणूस चढावर धापा टाकायला लागला की उतरून त्याच्याबरोबर चालत राहतो आणि पैसे मूळ सांगितलेले देतो. थंडीचं म्हणाल, तर या गड्याला थंडी सोसत नाही हा पुण्यामुंबईचा गैरसमज आहे. डिसेंबरात रात्री दोनला लाइट आल्यावर ओल्या सरीत बॅटरी धरून दारं मोडणारा माणूस गुलमर्गच्या हॉटेलात इलेक्ट्रिक ब्लँकेटखाली कुडकुडतो तो केवळ हौसेनं.

मुद्दा तो बर्फाला विचारतो त्या प्रश्नांचा आहे. बाकीच्यांचे प्रश्न ठरलेले: अजून पडेल का, फोटो कुठं चांगला येतो, चहा कुठं मिळेल. बापू स्कीची काठी बर्फात खुपसतो आणि विचारतो, "किती फूट हाय?" गाइड सांगतो, पाच. लगेच दुसरा प्रश्न, "पाणी किती निघंल?" याचं उत्तर गाइडकडे नसतं, कारण हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. हिशेब फार अवघड नाही. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा इंचांचं ढोबळ मानानं एक इंच पाणी होतं. जुन्या, दबलेल्या बर्फात जास्त. म्हणजे पाच फुटांचं अर्धा फूट. हे कळल्यावर बापूचा चेहरा पडतो, आणि सहलीच्या सगळ्या फोटोंमध्ये खरा तेवढाच एक. पण तोच हिशेब उलटा केला तर बारामतीत वर्षभरात पडणारा वीस-एक इंच पाऊस बर्फ होऊन एकदम पडला, तर सोळा-सतरा फुटांचा थर होईल, घरं पत्र्यापर्यंत गाडली जातील. आपल्याकडं इतकं पडतं आणि तरी मे महिन्यात काही राहत नाही, ही गोष्ट हवामानखात्याच्या कुठल्याही तक्त्यानं पटली नसती ती या पांढऱ्या उतारावर पटते. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की इंदापूरच्या माणसाच्या पोटात जी कळ उठते ती गुलमर्गच्या उणे आठ अंशांना उठत नाही. आणि इथं तर भिंत नाही, दरवाजे नाहीत, बुडीत गाव नाही. पळसदेवचं जुनं देऊळ धरणाचं पाणी उतरलं की डोकं वर काढतं, ते वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसाला बिनविस्थापितांचं धरण ही चीज काय आहे हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय हे पाणी सुटतं कसं? एप्रिलपासून पुढं, उन्हाच्या मानानं, थेंबाथेंबानं. डोंगराला ठिबक बसवलंय, आणि अनुदानाच्या फाइलीशिवाय.

यावर कुणी म्हणेल की हे सगळं तुम्ही बापूच्या डोक्यात घालताय, तो बिचारा मॅगी खायला गेला होता. पुरावा म्हणून जानेवारी 2024 घ्या. त्या महिन्यात जवळजवळ शेवटपर्यंत गुलमर्गला बर्फच पडला नाही. हंगामाच्या ऐन भरात उतार उघडे, तपकिरी पडले होते आणि बातम्यांत कोरड्या उतारांवर फिरणारे पर्यटक दिसत होते. बर्फ आला तो महिनाअखेरीला. बर्फच बघायचा असता तर अशा गुलमर्गकडं बापूनं पाठ फिरवली असती; बुकिंग रद्द करणाऱ्यांचं नुकसान सहलीपुरतं होतं. पण त्याच हंगामात महाराष्ट्र सरकारनं जाहीर केलेल्या 40 दुष्काळी तालुक्यांत बारामतीही होती आणि इंदापूरही. त्याआधीच्या पावसाळ्यात उजनी भरलेली नव्हती. अशा गावाहून आलेल्या माणसाला उघड्या डोंगराकडं बघून सहल बुडाल्याचं वाईट वाटण्याआधी खाली खोऱ्यात भात कसा लागणार हे सुचतं. घोडेवाल्याला "उन्हाळ्यात प्यायला तरी पुरंल का?" असं विचारणारा पर्यटक कुठल्या गावचा असेल, हे ओळखायला त्याचं आधार कार्ड लागत नाही.

बापूचा बर्फाला तिसरा प्रश्न मालकीचा. "हे पाणी जातं कुठं?" गाइड सांगतो: निंगल नाल्यातून झेलमला, झेलम वुलर सरोवरातून पुढं पाकिस्तानात. 1960 च्या सिंधू पाणीवाटप करारानं झेलमचं पाणी प्रामुख्यानं पाकिस्तानच्या वाट्याला दिलं, हे बाकीच्यांना ऐकून माहीत असतं आणि एप्रिल 2025 मध्ये भारतानं तो करार स्थगित ठेवल्यावर त्यांनी त्यावर घोषणाही दिल्या. बापू घोषणा देत नाही. स्थगित म्हणजे काय, पाणी अडवलं कुठं, साठवायला जागा आहे का, कालवा किती किलोमीटर, असं तो विचारत सुटतो. नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्याचं भांडण ऐकत तो लहानाचा मोठा झाला. 2021 साली उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला आणि सोलापूरकर रस्त्यावर उतरल्यावर महिन्याभरात रद्दही झाला, हे त्याच्या डोळ्यांदेखत घडलं. कागदावरचं पाणी आणि सरीतलं पाणी यांतला फरक ज्याला ठाऊक, त्याला आंतरराष्ट्रीय करारही तालुक्याच्या भाषेत कळतो. मनालीला गेलेल्या बापूचं समाधान जरा जास्त होतं, कारण तिथली बियास आपल्या वाट्याची. पंडोहला तिचं पाणी बोगद्यातून सतलजकडं वळवलंय हे ऐकून तो एखाद्या संचालकासारखी मान डोलावतो.

सगळ्यात जड आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. एवढा जाणकार माणूस घरी येऊन काय करतो? उसाला पाट मोडून देतो आणि झोपतो. डोंगराच्या ठिबकचं कौतुक केलेल्या त्याच आठवड्यात त्याच्या रानात पाणी सरीतून ओसंडून ओढ्याला जात असतं. कालव्याच्या कडेला जन्मला म्हणून तो बागायतदार. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर फिरतो तेव्हा त्याला पाण्याच्या हक्काची तत्त्वं आठवत नाहीत. यावर त्याचं उत्तर तयार असतं: रात्रीची लाइट, पहाटेपर्यंत कोण जागणार, आणि पाळी एकदा चुकली की पुढची कधी ते पाटकऱ्यालाच माहीत. उत्तर पुरेसं नाही, पण खोटंही नाही. बर्फाला पुढची पाळी चुकण्याची भीती नसते, म्हणून त्याला थेंबाथेंबानं सुटणं परवडतं. माझा दावा एवढाच होता की बापू बघतो बरोबर. तो वागतोही बरोबर असं मी कुठं म्हटलं नाही.

शिवाय या सहलीला दुसरी बाजू आहे आणि ती बापूच्या शेजारी फेरन घालून बसलेली असते. बापूच्या बायकोला, म्हणजे काकूंना, साठा, कालवा, करार यांत काडीचा रस नाही. घरी दिवसभरात कोण कधी टपकेल आणि "चहा टाका" म्हणेल याचा नेम नसतो. इथं तीन दिवस चहा दुसरं कुणी तरी करून हातात देतं, तेही केशर घालून. बर्फ त्यांच्या दृष्टीनं पांढरा आणि निसरडा आहे, यापलीकडे विशेष नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बरोबर आणला आहे तो बापूसाठी. त्या स्वतः रोगनजोश मागवतात. पुढच्या वर्षी कुठं, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच, आणि त्यांनी तो श्रीनगरच्या विमानतळावरच वापरलेला असतो: आता समुद्र. गोवा, नाही तर कन्याकुमारी. बापू विमानात बसेपर्यंत विरोध करतो. खर्चाचं कारण देत नाही, लांब पडतं असंही म्हणत नाही. त्याची तक्रार एकच: "एवढं पाणी, आन् सगळं खारं. बघून करायचं काय?"