बर्लिनचा बॉडीवाला

इंजिनाबद्दल त्याला विचारू नका. विचारलंत तर उत्तर मिळेल, पण घरजावयाची चौकशी केल्यावर सासऱ्याचा होतो तसला चेहरा करून. "असतं काहीतरी पुढे, बॉनेटखाली. आवाज करतं."

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्लिन, ड्रेस्डेन, श्टुटगार्ट अशा शहरांत बॉडीवाल्यांची ही जमात सुखाने नांदत होती. तेव्हाचा धनिक कारखान्यातून अख्खी गाडी घेतच नसे. घ्यायची ती चासी: चाकं, इंजिन, रेडिएटर, स्टिअरिंग. मग ती बॉडी बांधायला द्यायची. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक डोळे भरून पाहणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं, की मेबॅक कंपनीचं काम चासीपाशी संपायचं. वरचा डौल बॉडीवाल्याचा. तरी लोक 'मेबॅक आली' असंच म्हणणार. याच दुखण्यावर आमच्या माणसाने जन्म काढला.

आमच्या माणसाचं मूळ घराणं बग्ग्यांचं. विली एर्डमन यांनी १८९८ साली बर्लिनमध्ये कारखाना काढला तो श्रीमंतांच्या बग्ग्यांसाठी. पुढे घोडा गेला, पण बग्गी काही यांच्या डोक्यातून गेली नाही. सुरुवातीच्या कितीतरी गाड्यांत मालक काचेआड गादीवर आणि ड्रायव्हर उघड्यावर, पावसात. यात काही गैर आहे असं सुचवलंत तर तो बुचकळ्यात पडेल. कोचमन कधी आत बसला होता का?

गिऱ्हाईक आलं की तो बघण्यासारखा. चासी कुठल्या कंपनीची, हा प्रश्न शेवटी, आधी टोपी.

"उंच टोपी घालूनच बसणार ना साहेब?"

"काढूनही बसेन की."

"छे! माझ्या गाडीत टोपी काढायची वेळ आली तर लोक मला हसतील."

झालं, छत चार बोटं वर. मग बाईसाहेबांच्या टोपीवरचं पीस, त्यांचा घेर, त्या घेरासाठी दाराची रुंदी. साहेब हळूच म्हणतात, वेग किती मिळेल? तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि गादीच्या कापडाचे तुकडे पुढे सरकवतो.

नंतर काही महिने त्याला भेटण्यात अर्थ नाही. ॲशच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर हातोडीने ठोकून वळवलेला पत्रा, मग रंग. हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा; रंगातच आठवडे जात. साहेबांचे निरोप येत राहतात. तो दार लावतो, कान देतो, नाक मुरडतो आणि बिजागरी पुन्हा काढायला सांगतो. गाडीचं दार 'खट्' वाजता कामा नये, 'टप्' वाजायला हवं, यावर त्याची जेवढी श्रद्धा तेवढी देवावर नसावी. विसाच्या दशकात फवाऱ्याने मारायचा, झटपट वाळणारा सेल्युलोज रंग आला, तेव्हा वाळतोच इतक्या लवकर तर त्यात मुरणार काय, अशी त्याची शंका.

नावाची मात्र गंमत झाली. १९०६ साली एडुआर्ड रॉसी भागीदार झाले आणि पाटी लागली 'एर्डमन आणि रॉसी'. थोड्याच काळात एर्डमन बाजूला झाले, १९०९ साली रॉसी अपघातात गेले आणि कारभार आला फ्रीडरिश पेटर्स यांच्याकडे. पाटी तशीच! पुढली चाळीस वर्षं ती गेलेल्या दोघांच्या नावाने चालली. पेटर्स हुशारच म्हणायचे. गिऱ्हाइकाने तक्रार काढली तर कोणाला बोलवायचं, हा प्रश्नच उरत नाही.

१९२६ साली बर्लिनमध्येच आंबी-बड या कंपनीने अमेरिकी पद्धतीने प्रचंड दाबयंत्रांखाली पोलादी बॉड्या काढायला सुरुवात केली. सगळी दारं सारखी! आमच्या माणसाला याची किळस आली. भीतीही वाटली असावी, पण तो किळस म्हणाला.

तरी चलती होतीच. १९३३ साली एर्डमन आणि रॉसीने नॉयस हा प्रतिस्पर्धी कारखाना घेतला. योहानेस बेसको या आरेखकाच्या हातून गाड्यांच्या रेषा अशा उतरू लागल्या, की पाहणाऱ्याने खिशाला हात घालावा. इराकच्या राजा गाझीसाठी मर्सिडीजवर रोडस्टर झाली. शर्यतवीर बेर्न्ड रोझेमायर यांच्या हॉर्शवर वाऱ्याला वाट देणारी कूपे झाली. वेगाबद्दल ज्याच्याशी बोलावंच लागलं असं हे गिऱ्हाईक. जानेवारी १९३८मध्ये महामार्गावर वेगाच्या विक्रमाच्या प्रयत्नात रोझेमायर दुसऱ्याच गाडीत गेले. त्या वर्षांत जर्मनीत पैसा आणि सत्ता एकाच दाराने येत होती. आमचा माणूस टोपीची उंची विचारायचा. टोपीखाली काय शिजतंय, ते नाही.

युद्धात बर्लिनवर बॉम्ब पडले, गिऱ्हाइकं पांगली आणि १९४९ साली कारखाना बंद झाला. बेसको मात्र रोमेच नावाच्या बर्लिनच्याच बॉडीवाल्याकडे गेले. तिथे समोर उभी फोक्सवॅगन बीटलची चासी, इंजिन मागे आणि ताकद बेताची. त्यांनी तिच्यावर लांबट, गोलसर, हाताने ठोकलेली बॉडी चढवली. लोक तिला 'केळं' म्हणू लागले. साध्या बीटलपेक्षा कितीतरी महाग पडणारं ते केळं विकत घेणारेही निघाले. इंजिन किती दमाचं, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. विषयच निघाला नसेल.