‘सगळं संपवायला लावा’

माझी तक्रार मुलांबद्दल नाही. भात सतरंजीवर सांडतो, वरण कोपरापर्यंत ओघळतं, कुणीतरी शेजारच्या ताटातला पापड उचलतं. तीन वर्षांच्या मुलाने हे करायचंच असतं. माझी तक्रार मोठ्या माणसांबद्दल आहे.

पनवेलजवळच्या नावड्यात पाळणाघर चालवायचं म्हणजे निरनिराळ्या घरांतली मुलं एका पंगतीला बसवायची. काही गावठाणातली, तांदळाची भाकरी आणि सुकट खात वाढलेली. काही सिडकोच्या नव्या इमारतींमधली. त्यांचे आईवडील तळोजा एमआयडीसीत पाळीवर जातात, नाहीतर पेंधरला जाऊन बेलापूरची मेट्रो धरतात. गावात अंगणवाडी असली तरी ती संध्याकाळपर्यंत मूल ठेवून घेत नाही. तीन वर्षांखालच्यांना तर तिथून घरी न्यायचा शिधा मिळतो, बसून जेवण नाही. त्यामुळे दिवसाचं मुख्य जेवण माझ्याकडे होतं.

आता डबे. एकात पोळीभाजी, एकात नूडल्स, एकात क्रीमची बिस्किटं. बिस्किटांचा डबा उघडला की सगळ्या माना तिकडे वळतात आणि दोडक्याकडे कुणी बघत नाही. अंगणवाडीत सगळ्यांना एकच खिचडी मिळते, म्हणून तिथे हे भांडण होत नाही. सगळ्यांसाठी वरणभात मी रोज करते, डब्यात फक्त पोळीभाजी किंवा भाकरी द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. तरी बिस्किटं येतात. वर चिठ्ठी असते: ‘काकू, सगळं संपवायला लावा.’

का लावू? तीन किलोचं जन्मलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र त्याचं वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. ते मूल हट्टी झालेलं नसतं, त्याला खरोखरच तेवढी भूक नसते. शिवाय भूक रोज सारखी नसते. आज चार घासांत उठलेलं मूल उद्या दुसऱ्यांदा भात मागतं. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मी ठरवते. किती खायचं, हे त्याच्या पोटाने ठरवायचं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही वाटणी मांडली आणि माझ्या सतरंजीवर ती रोज खरी ठरते. ताटात आधी थोडंच वाढायचं. अर्धा तास झाला की ताटं उचलायची, न रागावता आणि न कौतुक करता. कुणी भात फेकायला लागलं तर बहुतेक वेळा त्याचं पोट भरलेलं असतं. ‘झालं का तुझं?’ असं विचारून मी ताट बाजूला घेते. चार वाजता पुन्हा खायला मिळणार हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून ते रडत नाही.

चॉकलेटचं आमिष मला सगळ्यात जास्त खटकतं. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ म्हटलं की भाजी ही शिक्षा आहे, हे आपणच मुलाला शिकवतो. मानसशास्त्रज्ञ लिअ‍ॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली छापलेल्या एका प्रयोगात लहान मुलांना एक नवं पेय पिण्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी दिली होती. त्या मुलांची त्या पेयाची आवड वाढली नाही, उलट कमी झाली. नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे ती आवडत नाही असं होत नाही. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ती ताटात यावी लागते आणि थोडी चाखली जावी लागते. त्याआधीच घरून निरोप येतो, ‘त्याला भोपळा देऊ नका, तो खात नाही.’ आणि हे वाक्य मुलासमोरच म्हटलं जातं. दुसऱ्या दिवशी तेच मूल मला सांगतं, मी भोपळा खात नाही.

फोनचंही तसंच. दप्तरात डब्याशेजारी फोनचा स्टँड असतो. ‘कार्टून लावल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही हो.’ कार्टून लावलं की तोंड उघडतं हे खरं. पण तोंडात काय गेलं आणि पोट कधी भरलं, हे त्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. जेवणाच्या खोलीत मी फोन लावत नाही, आणि याच कारणावरून एका घरचं मूल माझ्याकडून गेलं. वाईट वाटलं, पण नियम तोच ठेवला.

घरी नेताना वाटेत दिला जाणारा वेफर्सचा पुडा मी समजू शकते. फाट्यावर वाहतूक अडकते, नावडे रोड स्टेशनला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, आई दमून उशिरा पोचते आणि उशीर झाल्याची रुखरुख पुड्याने शमवते. तिला मी काय बोलणार? पण अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं डब्यात घालू नका, हे मी हात जोडून सांगते. चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनळीत ती अडकतात. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायला किती वेळ लागतो? शेंगदाण्याचं कूट करून भाजीत घाला, मूल आनंदाने खाईल. ही चिठ्ठी मी प्रत्येक दप्तरात घातली आहे, तरी पुढच्या सोमवारी फुटाणे येतात.

संध्याकाळी दारात पहिला प्रश्न येतो, ‘जेवला का?’ मूल आईचा हात धरून, तोंड वर करून माझं उत्तर ऐकत असतं. त्याने दिवसभरात गाडी केली, भांडण केलं, तो झोपला, नवं गाणं शिकला, त्यातलं काहीच विचारलं जात नाही. मी ‘जेवला’ म्हटलं तर तो शहाणा आणि ‘कमी जेवला’ म्हटलं तर रिक्षात बसेपर्यंत बोलणी. म्हणून मुलासमोर मी हे उत्तर देणं बंद केलं आहे. रात्री फोन करा, सविस्तर सांगेन.

वजनाची काळजी वाटत असेल तर माता व बाल संरक्षण कार्ड घेऊन या. त्यात वाढीचा आलेख आहे. अंगणवाडीत वजन करून त्यावर खूण करून घेता येते. रेघ वर चढत असेल तर दुपारी दोन घास कमी गेले म्हणून मुलाच्या मागे ताट घेऊन धावायचं कारण नाही. रेघ आडवी झाली किंवा खाली उतरली, मूल मलूल दिसलं, वारंवार उलटी झाली, तर डॉक्टरांकडे न्या असं मीच आधी सांगेन, त्याच दिवशी.