शेठ, मे महिन्याचं हे बिल तुमच्या नावावर यायला हवं होतं

गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली, अंबाडी या पट्ट्यात प्लॉट पाडून तीन-तीन मजल्यांच्या इमारती विकणाऱ्या समस्त बिल्डर मंडळींस,



हे पत्र तुमच्यातल्या कोणा एकाला नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतील, आणि तेच मला नको आहे. मी तुमच्यातल्याच एकाकडून सगळ्यात वरच्या मजल्यावरचा वन बीएचके घेतलेली बाई आहे. मे महिन्याचं वीजबिल पुढ्यात ठेवून लिहितेय, आणि जे लिहितेय त्यातला शब्द न् शब्द मनापासून आहे.

बिल फुगलं की आमच्या इमारतीत पहिला संशय मीटरवर जातो. ‘मीटर पळतंय’ म्हणून अर्ज होतात. दुसरा संशय वीज कंपनीवर. भिवंडी शहराकडची माणसं २००७ पासून टोरंटच्या नावाने बोटं मोडतात, कारण त्या वर्षी महावितरणने तिथलं वितरण फ्रँचायझी म्हणून त्यांच्याकडे सोपवलं. त्यानंतर पाळी येते एसीची, आणि शेवटी रात्री एसी बंद करायला विसरलेल्या घरातल्या पोराची. तुमच्यावर कोणाचाच संशय जात नाही. तुम्ही चाव्या दिल्या, पेढे खाल्ले, सोसायटीचे कागद हातात ठेवले आणि पुढच्या प्लॉटवर गेलात. तुम्ही बांधलेल्या छताचं भाडं मात्र आम्ही दर उन्हाळ्यात वीजबिलातून भरतोय.

कसं ते आकड्यांत सांगते, कारण तुम्हाला आकडे कळतात. २०२४-२५ साली महावितरणचा घरगुती वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे होता. १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, आणि ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे. शिवाय प्रत्येक युनिटमागे वहन आकार १ रुपया १७ पैसे. पुढे दर बदलले, पण चढत्या पायऱ्या तशाच राहिल्या. थंडीत १५० युनिट लागणाऱ्या घराला या दोन आकारांचे मिळून १,१६१ रुपये होतात. मे महिन्यात दीड टनाचा एसी रात्रीचे आठ-नऊ तास चालला की दिवसाला दहाएक युनिट वाढतात, म्हणजे महिन्याला ३००. एकूण ४५० युनिट, आणि हिशेब ५,२३८ रुपयांवर. वीज तिप्पट, पैसे साडेचारपट. वरून स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क आलंच. त्या शुल्कासकट शेवटचं युनिट अठरा रुपयांच्या पुढे पडतं. शेठ, तुमचा स्लॅब जी उष्णता माझ्या खोलीत सोडतो, ती बाहेर काढायला माझ्या बिलातली हीच वरच्या पायरीवरची, सगळ्यात महाग युनिटं लागतात.

आता स्लॅबचंच बोलू. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या मध्याला येतो. सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत भिंतींवर पडणारं ऊन कमी आणि सपाट गच्चीवर पडणारं सगळ्यात जास्त. काँक्रीट ते दिवसभर पोटात साठवतं. उष्णता चार-पाच इंच खाली झिरपायला काही तास लागतात, म्हणून छताची आतली बाजू खरी तापते ती संध्याकाळी, माणसं कामावरून घरी येतात तेव्हा. रात्री दहाला पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर ते गरम लागतं. तुम्ही कधी लावून पाहिलात का?

सरकार सांगतं, एसी २४ वर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळात २४ अंशांवर लावूनच विकायचे असा नियम आहे. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसी २० ते २८ अंशांच्याच मर्यादेत चालावेत, असा विचार बोलून दाखवला. सल्ला चुकीचा नाही. पण एसी मोजतो ती हवा. डोक्यावरचं तापलेलं काँक्रीट तो मोजत नाही. हवा २४ अंशांची झाली तरी छत अंगावर उष्णता फेकतच राहतं आणि माणसाला गरम होतं. मग हात रिमोटकडे जातो, २४ चे २२ होतात, २२ चे १८. खालच्या मजल्यावरच्या ताई २६ वर पंखा लावून निवांत झोपतात. त्यांचा एसी आणि माझा एसी एकाच कंपनीचा, एकाच वर्षी घेतलेला आहे. त्यांच्या डोक्यावर माझं घर आहे आणि माझ्या डोक्यावर तुमचा उघडा स्लॅब. तरी वरच्या मजल्याला ‘टेरेसचा फायदा’ म्हणून तुम्ही दर वाढवून सांगितलात.

‘हवामानच बदललंय, त्याला आम्ही काय करणार?’ हे तुमचं उत्तर मी ऐकलंय. हवामान बदललंय हे खरं. पण हे हवामान कोकणचं आहे एवढं तरी घर बांधणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. विदर्भातली कोरडी हवा कूलरच्या पाण्याने थंड होते. आपल्याकडे तानसा नदीचं खोरं, पश्चिमेला खाडी आणि समुद्र. हवेतच इतकं पाणी की कूलर लावला तर खोली आणखी घामट होते. घाम सुकला नाही की शरीराला थंड होता येत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, त्यात उष्माघाताने १४ माणसं गेली. पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता. अशा हवेत घर दोनच गोष्टींनी सुसह्य होतं. वारा आरपार वाहायला हवा आणि छत तापायला नको.

आमच्या आत्याचं घर तानसेपलीकडच्या पाड्यावर आहे. कारवीचा कूड, शेणाने लिंपलेला. वर उतरतं मंगलोरी कौल, पुढे पडवी. कूड पातळ असतो, त्यामुळे त्यात ऊन साठून राहत नाही आणि सूर्य कलला की भिंतही निवते. कौलं उंचावर, त्यांच्या फटींतून गरम हवा वरच्या वर निघून जाते. पडवीमुळे ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. हे घर कोणत्या आर्किटेक्टने काढलं नव्हतं. त्या पाड्यावरच्या माणसांनी इथल्या उन्हाला आणि इथल्या पावसाला दिलेलं ते उत्तर होतं.

आम्ही कौलारू घरं का सोडली तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई जुन्याचे गोडवे गातेय. दरवर्षी पावसाआधी कौलं परतायची आणि त्या कामाला माणूस मिळायचा नाही. माकडं कौलं फोडायची, आढ्यात साप निघायचे, चोरटा वरून उतरायचा. आत्याच्या सुनेने तीस पावसाळे गळतीखाली पातेली मांडून काढले. स्लॅबचं घर हे आमच्याकडच्या बाईचं स्वप्न होतं आणि त्यात काहीही चूक नव्हती. आम्ही न गळणारं छत मागितलं, शेठ. तापणारं मागितलं नव्हतं. दोन्ही एकाच घरात जमतं हे तुम्हाला माहीत होतं. आम्हाला नव्हतं.

तुमच्या नकाशात आणखी काय काय आहे ते पाहा. हॉलला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. ‘मंदाग्नी डोंगराचा व्ह्यू’ म्हणून भिंतभर सरकती काच, जिचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो. वर छज्जा नाही, कारण छज्ज्याने दर्शनी भाग जुनाट दिसतो. दुपारी तीनपासून ऊन थेट सोफ्यावर. बेडरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, म्हणजे समोरून वारा आला तरी पलीकडून निघायला वाट नाही. एसीचा पॉइंट मात्र प्रत्येक खोलीत काढून दिलात आणि जाहिरातीत सोय म्हणून छापलात. या घरात एसीशिवाय राहता येणार नाही, हे तुम्हाला आमच्याआधी ठाऊक होतं, याचा तो पॉइंट पुरावा आहे.

आउटडोअर युनिटला जागा ठेवली नाहीत. मग तिन्ही मजल्यांची युनिटं त्याच चिंचोळ्या डक्टमध्ये लटकली. खालच्या युनिटची गरम हवा वरच्याच्या तोंडात जाते. जेवढ्या गरम हवेत ते युनिट उभं, तेवढा कंप्रेसरवर ताण आणि तेवढीच जास्त वीज. म्हणजे दुकानदाराने पाच तारे दाखवून विकलेला एसीसुद्धा तुमच्या डक्टमध्ये पाच ताऱ्यांचं काम करू शकत नाही.

आणि लाईट जाते तेव्हा? मे महिन्यात सगळे एसी एकदम सुरू झाले की डीपीवर लोड येतो, फ्यूज उडतो, वायरमन यायला दोन-तीन तास. आत्याच्या घरी लाईट गेली तर माणसं पडवीत येऊन बसतात. आमच्याकडे सासूबाईंना जिन्यात सतरंजी टाकून देते, कारण घरात श्वास कोंडतो. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. बिलाचे पैसे एक वेळ कुठूनतरी भरून निघतील, पण त्या रात्रींचा राग जात नाही.

तुम्ही म्हणाल, नियमाबाहेर काही केलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ‘इको निवास संहिता’ आणली. घरात उष्णता किती शिरावी याच्या मर्यादा तिने घालून दिल्या. छतासाठीची मर्यादा आहे दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट. उघडा काँक्रीटचा स्लॅब तिच्या तिपटीच्या आसपास जातो. पण २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती आणि ती राज्यांनी आपापल्या नियमांत उतरवायची होती. तुमचे प्लॉट छोटे. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छताचं धोरणच काढलं आणि ठरावीक आकारापुढच्या इमारतींना ते सक्तीचं केलं. आपल्या सरकारने तसं करावं ही माझी मागणी आहे आणि ती मी आमदारांकडे वेगळी पाठवतेय. पण नियम नाही म्हणून तुमच्या हातांना कोणी बांधून ठेवलं नव्हतं.

काय करता आलं असतं? गच्चीवर पांढरा चायना मोझॅक. तो मुंबईच्या जुन्या इमारतींवर आजही दिसतो, ऊन परतवतो आणि गळतीही अडवतो. त्याखाली नीट घातलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा. नाहीतर निदान पांढरा परावर्तक रंग. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा. बेडरूमला समोरासमोर दोन झरोके. स्लॅब ओतायच्या आधी ठरवलं असतं तर इमारतीच्या खर्चात ते जाणवलंही नसतं. आज तेच आम्हाला आमच्या पैशाने करायचंय. कोणी चुन्यात फेव्हिकॉल कालवून गच्ची रंगवतो आणि पहिल्या पावसात अर्धा चुना वाहून जातो. कोणी कर्ज काढून लोखंडी अँगलवर पत्र्याची शेड टाकतो. शेडने सावली होते, मधून वारा खेळतो, फरक नक्की पडतो. पण त्यासाठी आधी सोसायटीची संमती, मग ग्रामपंचायतीत हेलपाटे. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, आम्हाला त्रास नाही, आम्ही वर्गणी का द्यावी? त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

म्हणून आता मागणं. तुमच्या ज्या इमारतींचे स्लॅब अजून पडायचे आहेत, त्यांच्या गच्चीचा थर आणि खिडक्यांवरचे छज्जे करारनाम्यात लेखी द्या. आउटडोअर युनिटला मोकळ्या हवेत जागा द्या. आधी विकलेल्या इमारतींच्या गच्च्या येत्या दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर, स्वतःच्या खर्चाने पांढऱ्या करून द्या. आणि सॅम्पल फ्लॅट तळमजल्यावर ठेवू नका, सगळ्यात वरच्या मजल्यावर ठेवा. गिऱ्हाइकाला मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता तिथे बोलवा, एसी बंद ठेवा, चहा द्या आणि अर्धा तास बसवा. तेवढ्यानंतरही त्याने टोकन दिलं, तर माझी तक्रार नाही.

आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या चारही घरांची एप्रिल आणि मे महिन्यांची बिलं या पत्रासोबत जोडली आहेत. गच्ची रंगवायचं कोटेशनही जोडलंय. उत्तर साइट ऑफिसवरच्या पोराकडे देऊ नका, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावाने लेखी पाठवा.

आपली,
वरच्या मजल्यावरची एक फ्लॅटधारक
गणेशपुरी, ता. भिवंडी