सलादवाले भाऊजी

गोंदियाकडच्या लग्नात एक जावई असा असतोच, ज्याला कुणी काही काम सांगितलेलं नसतं आणि तरी जो सकाळपासून घामाघूम असतो. हे सलादवाले भाऊजी. केटरर असतो, त्याची पोरं असतात, काकड्या कापायचे पैसेही ठरलेले असतात, पण भाऊजी बाह्या सारून मांडवामागच्या स्वयंपाकात शिरतात आणि म्हणतात, "सलाद आपल्याकडे राहू द्या जी." जावयाला नाही म्हणायची सोय नसते. केटरर मनातल्या मनात हात जोडतो. जोडलेले ते आभाराचे की शरणागतीचे, हे जेवणाच्या वेळी कळतं.

हत्यारं भाऊजींची स्वतःची. टूथपिकची डबी, दाढीचं कोरं पातं, यात्रेत घेतलेली नागमोडी धारेची सुरी, आणि मोबाइलवर थायलंडच्या कुण्या बाईचा व्हिडिओ. पंगतीच्या काळात पानाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड अन् चमचाभर कोशिंबीर, एवढ्यावर हा विषय संपायचा. बफे आला आणि भाऊजींना टेबल मिळालं.

गडी तंत्रात पक्का, हे मान्य करावं लागेल. मुळ्याला चिरा देऊन बर्फाच्या पाण्यात सोडला की गर पाणी पिऊन फुगतो आणि पाकळ्या आपोआप बाहेर वळतात. टमाटराचं साल एका सलग पट्टीत सोलून गुंडाळलं की गुलाब. बीट सगळ्यात शेवटी, नाहीतर ते शेजारपाजार रंगवून ठेवतं. कुणी विचारलेलं नसताना हे सगळं ते सांगतात. अडचण फक्त मे महिन्याची. पारा 44 च्या पुढे, मुळा आतून जाळीदार, आणि बर्फाची लादी सरबतवाल्याने पळवलेली. सातला उमललेलं कमळ वरात दारात येईस्तोवर मान टाकतं, आणि वरात वेळेवर आल्याचं इथे कुणाच्या ऐकिवात नाही.

पूर्वी भाऊजी हंस करायचे. मग त्यांना साक्षात्कार झाला: हंस आपण पाहिला कुठे? आपला पक्षी सारस! महाराष्ट्रात तो उरलाय जवळपास गोंदियाच्याच तळ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आसऱ्याने. घरटंही बांधीत करतो, अन् जोडीही जन्माची. लग्नाला याहून शोभेल काय? मुद्दा बिनतोड. तेव्हापासून मुळ्याचं अंग, गाजराचं लाल डोकं, मिऱ्याचा डोळा, उदबत्तीच्या काड्यांचे पाय. खाली राइस मिलवाल्या व्याह्याकडून आणलेल्या तांदळाची बांधी, कडेने सांभाराचं गवत.

"पण सारस राखाडी असते ना जी?" एक गुरुजी शंका काढतात.

"लग्नासाठी आंघोळ करून आला," भाऊजी म्हणतात.

एवढ्यात विदर्भ एक्स्प्रेसने आलेल्या मुंबईच्या मावशी ओरडतात, "अगंबाई, बगळा किती गोड!" त्यानंतर बराच वेळ भाऊजी कुणाशी बोलत नाहीत.

जेवणं सुरू झाली की खरी परीक्षा. कुणी काकडीच्या चकतीकडे बोट नेलं रे नेलं, की आवाज येतो, "हात नोको लावू बे, फोटो नाई झाला अजून!" फोटोवाला तिकडे नवरा-नवरीला एकमेकांकडे बघायला लावण्यात गुंतलेला. लोक भिऊन पुढे सरकतात, नुसत्या वडाभातावर जेवतात. तासाभराने टेबल जसंच्या तसं दिसलं की तेच भाऊजी हिरमुसतात, चिमटा घेऊन प्रत्येकाच्या ताटात बीट टाकत फिरतात. "घ्या ना जी, आपल्या हातचं हाय." खाल्लं तर मोडलं म्हणून जीव तुटतो, नाही खाल्लं तर वाया गेलं म्हणून. बायको लांबून हे बघते आणि बहिणीला म्हणते, "घरी कांदा चिरून मागा बरं यायले!"

नवरीच्या पाठवणीला सगळा मांडव रडतो. भाऊजीही रडतात, रडता रडता बालाघाटच्या साडूला बाजूला घेतात. "तुमच्याकडे लग्न निघालं की तरबूज मोठं पाहून ठेवा. यावेळी सारसाले पिल्लं काढून देतो."

साडूच्या पोरीला अजून एकही स्थळ आलेलं नसतं.