नंबरप्लेट कोणत्या घराण्याची?

आमच्या पार्किंगमध्ये परवा एक गृहस्थ बॉनेट उघडून फ्यूज बदलत होते. फ्यूज उडालेला नव्हता. त्यात खोटही नव्हती. तो दुसऱ्या कंपनीचा होता, एवढंच. गाडीतला स्टिरिओ, स्पीकर, अॅम्प्लिफायर, सब-वूफर सगळं एका कंपनीचं, आणि बॅटरीवरून निघणाऱ्या जाड लाल वायरीत फिटरनं घातलेला फ्यूज मात्र भलत्याचा. गृहस्थांचं मन लागेना. गाणं ऐकताना सारखं वाटायचं म्हणे, कुठंतरी काहीतरी कमी पडतंय.

फ्यूज काय करतो? काहीच करत नाही. प्रवाह हाताबाहेर गेला की वितळून मरायचं, हे त्याचं अवतारकार्य. तोवर गप्प पडून राहायचं. असा हा जीव घराण्याबाहेरचा असल्यामुळे ट्वीटर उदास वाजतो, असं एक शिकलासवरलेला, घराचे हप्ते वेळेवर भरणारा माणूस मला भर दुपारी उन्हात सांगत होता. नव्या फ्यूजची किंमत मी विचारली. ती इथं छापली तर घरोघरी भांडणं होतील.

ही एकट्यादुकट्याची तऱ्हा असती तर सोडून दिलं असतं. पण गाडीत सिस्टिम बसवणाऱ्यांचा हा चांगला मोठा पंथ आहे. त्यांना एककंपनीवाले म्हणू. स्पीकर वाजतो कसा, हे ते विचारत नाहीत. आपल्यातला आहे का, ते आधी विचारतात. चार्जर, मोबाइल स्टँड, आरशाला टांगायची सुगंधी बाटली बाहेरची चालते. तेवढा रोटीव्यवहार आता पुढारलेल्या घरांत होतो. पण अॅम्प आणि स्पीकर म्हणजे बेटीव्यवहार, तो घराण्याबाहेर नाही म्हणजे नाही. नाना पेठेतल्या दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. 'साहेब, सगळं सेम घ्या, मॅचिंग बसतं,' असं तो म्हणतो, आणि नेमकी तीच कंपनी त्याच्याकडे पडून असते. समोर दुसरा पंथ मिश्रवाल्यांचा. 'एकाच कंपनीला सगळं येत असतं तर काय पाहिजे होतं!' असं म्हणत ते ट्वीटर एकाचा, वूफर दुसऱ्याचा, अॅम्प तिसऱ्याचा आणि वायर मित्राच्या मेव्हण्यानं दुबईहून आणलेली, असा संसार थाटतात. दोन्ही पंथ एकमेकांना बहिरे समजतात. गाणं मात्र दोघंही ऐकत नाहीत. ते सिस्टिम ऐकतात. अर्धा मिनिट झालं की पुढचं लावतात, कारण बेस पुढच्यात आहे.

जुळणी खरोखर कुठं पाहावी लागते तेही सांगून टाकतो, म्हणजे पत्रं येणार नाहीत. पुढच्या दारातला साडेसहा इंची वूफर, आरशाजवळच्या तिकोनी कोपऱ्यातला ट्वीटर आणि दोघांत कामाची वाटणी करणारी क्रॉसओव्हरची डबी, ही तिन्ही एका खोक्यातून आलेली बरी. बारीक सूर ट्वीटरनं घ्यायचे, जाडे वूफरनं, आणि रेघ नेमकी कुठं ओढायची हे डबीतल्या कॉइल-कपॅसिटरनं ठरवायचं. ते गणित त्या जोडीसाठीच मांडलेलं असतं. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या वूफरशेजारी ९२ चा ट्वीटर आणून बसवला, तर त्याच्या बरोबरीनं बोलायला वूफरला अडीचपट वॉट लागतात. ते कुणी देत नाही. मग गाणाऱ्या बाईंचा गळा राहतो बाजूला आणि गाडीभर नुसते 'स' आणि 'श' उडत राहतात. एककंपनीवाल्यांचं इथपर्यंत बरोबर आहे, आणि इथंच ते संपतं. अॅम्पला वाचता येत नाही. त्याला ओहम कळतात आणि वॉट कळतात. चार ओहमचा स्पीकर चार ओहमचाच, जाळीवर कुणाचंही नाव असो. स्टिरिओतून दोन व्होल्ट येवोत की चार, अॅम्पवरची गेनची खाच स्क्रूड्रायव्हरनं फिरवली की जमतं.

आणि जे आकडे खरंच जुळवायचे ते बघतं कोण? स्टिरिओच्या तोंडावर '५० × ४' छापलेलं असतं. गाडी सुरू असताना त्याला मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. चार ओहमच्या स्पीकरवर त्यातून स्वच्छ आवाजाचे कागदावरसुद्धा २६ वॉटच निघतात. प्रत्यक्षात त्याहून कमी. मग ५० आले कुठून? १४.४ ला १४.४ नं गुणा, चारनं भागा. ५१.८. म्हणजे आवाज पार फाटून त्याची चौकोनी लाट झाल्यावर जे हाती लागतं ते! 'मी पूर्ण बिघडलो की इतका ओरडतो' हे यंत्र स्वतःच्या कपाळावर लिहून येतं आणि आपण तोच आकडा बघून पसंती कळवतो. या एका बाबतीत मात्र बाजारातली सगळी घराणी एकमेकांशी झकास मॅच होतात.

असो. मला लिहायचंय नंबरप्लेटीबद्दल.

फ्यूज बदलून झाल्यावर गृहस्थांनी गाडी सुरू केली आणि मला म्हणाले, 'आता ऐका.' मी बाहेरच, डिकीपाशी उभा होतो. तिथून जे ऐकू आलं ते असं: धम्म, आणि त्याच्या शेपटाला तर्र्र. धम्म-तर्र्र. धम्म-तर्र्र. धम्म त्यांच्या कंपनीचा होता. तर्र्र नंबरप्लेटीचा.

मोटारीची नंबरप्लेट म्हणजे ५०० मिलिमीटर लांब, १२० मिलिमीटर रुंद आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमचा पत्रा. त्यावर चक्राचा होलोग्राम असतो, लेझरनं कोरलेला क्रमांक असतो, आणि ती असते सब-वूफरच्या बरोब्बर पाठीमागे. एका लाखाच्या वर खर्च करून या माणसानं घराण्याची शुद्धता राखली, फ्यूजपर्यंत राखली, आणि मैफलीत शेवटचा शब्द त्या पत्र्याचा! मी तसं म्हटल्यावर गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी फिटरला विचारूनही पाहिलं होतं की प्लेट आपल्या कंपनीची येते का. 'दादा, नंबरप्लेट सरकारी येते,' फिटर म्हणाला होता. उपाय तसा सोपा: प्लेट काढायची, मागे फोमची पट्टी चिकटवायची, परत लावायची. दहा मिनिटांचं काम. पण ही उच्च सुरक्षेची प्लेट. मागच्या प्लेटीचं लॉक एकदाच बसतं. काढायचं तर तोडावं लागतं आणि तोडलं की पुन्हा बसत नाही. चोरासाठी लावलेल्या सापळ्यात हा रसिक अडकला. आता लॉक तोडायचं, नवं मागवायचं, त्यासाठी ऑनलाइन तारीख घ्यायची, अर्ज भरायचा आणि त्यात कारण काय लिहायचं? प्लेट बेसुरी आहे?

मग गृहस्थांनी निरीक्षण केलं. (एवढी चिकाटी मुलाच्या गणितात दाखवली असती तर पोरगं पास झालं असतं.) प्लेट सगळ्या सुरांना बोलत नाही, ठरावीक जाड्या सुरांनाच बोलते. मग ते सूर ज्यात नाहीत अशा गाण्यांची त्यांनी यादी केली. ढोलकी बाद. तबल्याचा डग्गा बाद. ढोल-ताशाचं तर नाव काढायचं नाही. आजकालच्या सिनेमाची गाणी झाडून बाद. यादीत उरली बासरी, थोडी भावगीतं, एका सुगम गायिकेची दोन भजनं (त्यातलंही दुसरं फक्त पहिल्या कडव्यापर्यंत, पुढं मृदंग येतो), आणि मोबाइलमधल्या रस्ता दाखवणाऱ्या बाई. या बाई मात्र काय लागतात! 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' हे वाक्य या शहरात इतक्या शुद्ध स्वरूपात कुणीही ऐकलेलं नाही. बारा इंची सब-वूफर डिकीत स्वस्थ बसलेला, त्याच्यामुळे बॅग ठेवायला जागा नाही, गावाला जाताना सामान मांडीवर, आणि या सगळ्याच्या बदल्यात डावीकडे वळायचं. मी म्हटलं, अहो, निदान दारात डॅम्पिंग शीट तरी लावून घ्या. दाराचा पत्रा केवढा पातळ, त्याला भोक पाडून त्यात तुम्ही स्पीकर अडकवलाय. तो पत्राही गातो, आतला पॅड गातो, बाटलीच्या कप्प्यातलं सुटं नाणं गातं. खर्च करायचा तर आधी तिथं करावा. त्यावर ते म्हणाले, 'विचार केला होता. पण आमच्या कंपनीची शीट इथं मिळत नाही.'

मिश्रवाल्यांनी हसू नये. त्यांची मागच्या ट्रेवरची ६ × ९ ची लंबगोल जोडी ही आजपर्यंत फक्त मागच्या सीटवरच्या आजीनं पूर्ण ऐकलेली आहे, तीही कानापासून वीतभर अंतरावरून. चार-चार ओहमचे दोन सब एका तोंडाला जोडले की दोन ओहम होतात, चार जोडले की एक, हे त्यांना अॅम्पवरचा लाल दिवा लागल्यावर कळतं, आणि तेव्हाही ते ओहमला सोडून कंपनीला शिव्या देतात. वॉरंटीसाठी 'वायर कट नाही, कपलर-टू-कपलर' असं फिटरकडून गाडीच्या शपथेवर वदवून घेतात आणि दुसऱ्याच आठवड्यात स्वतः कात्री घेऊन बसतात. हा पंथ मला थोडा जास्त आवडतो. त्यांच्याकडे निदान प्रत्येक बिघाडाला वेगळा आरोपी असतो.

हे सगळं ठीक आहे. ज्याचा पैसा, ज्याचा कान. पण हा पंथविवाद रात्री पावणेअकराला माझ्या खिडकीखालीच का मिटवायचा? दिवसा ट्रॅफिक असतो म्हणून? ऑफिस असतं म्हणून? दोन्ही पंथांची मंडळी जेवणं आटोपून खाली उतरतात, दोन गाड्या समोरासमोर लावतात आणि कुणाचा बेस 'टाइट' आहे ते ठरवतात. वरून ओरडलं तर उत्तर येतं, 'काका, काचा वर केल्यात!' अरे, काचा वर केल्यामुळेच तर! काच बारीक सूर अडवते. गाणं, शब्द, बासरी, त्या भजनवाल्या बाई, हे सगळं तुमच्याकडे आत राहतं. चाळीस हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते; तिला काच काय आणि आमची नऊ इंची भिंत काय. म्हणजे तुम्ही आत बसून गाणं ऐकता आणि आमच्या वाट्याला त्यातला फक्त पाया खणण्याचा भाग येतो. तान तुमची, धम्म आमचा. तापानं फणफणलेलं मूल असो, सकाळी पाचच्या पाळीला जाणारा माणूस असो, सगळ्यांनी पलंगासकट हा टाइटपणा अनुभवायचा. आणि पाच मिनिटांनी अॅम्प बदलून पुन्हा तेच, कारण मघाचा 'थोडा लूज' होता!

कायदा आहे ना, म्हणतात. आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र आहे, रहिवासी भागात त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण ते डेसिबल 'ए' मापाचे. जाड्या सुरांना माणसाचा कान मंद असतो असं धरून हे माप बेतलेलं, म्हणून पन्नास हर्ट्झचा आवाज असेल तर ते त्यातून तीस डेसिबल आधीच वजा करून टाकतं. पंचाहत्तरचा धम्म मीटरवर पंचेचाळीस दिसतो. शेजारणीची कुकरची शिट्टी मर्यादेबाहेर जाते आणि ज्यानं तावदानं थरथरतात तो इसम नियमात बसतो. ज्यानं हे माप रात्रीच्या बेसला लावलं, त्याला एक आठवडा आमच्या पहिल्या मजल्यावर मुक्कामाला पाठवा. जेवणखाण माझ्याकडे.

शेवटी सेक्रेटरींना वर बोलावलं. म्हटलं, प्रत्यक्ष बघा. ते आले, स्वयंपाकघरात उभे राहिले. मांडणीतली स्टीलची ताटं खालच्या प्रत्येक धम्माबरोबर तर्र्र करत होती. त्यांनी मोबाइलवर मीटरचं अॅप उघडलं, शांतपणे आकडा वाचला. 'त्रेचाळीस. नियमात आहे.'

'आणि ही ताटं?'

त्यांनी मांडणीपाशी जाऊन एक ताट बोटानं दाबून धरलं. ते थांबलं. सोडलं, पुन्हा सुरू झालं. 'सोपं आहे,' ते म्हणाले, 'दोन ताटांच्या मधे वर्तमानपत्राचा कागद घालत जा. कुठल्याही पेपरचा चालेल. त्याला मॅचिंग लागत नाही.'