टोकनवाले काका

काकांनी 34 वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरवर टोकनं वाटली. पितळेची, वाटोळी, वर नंबर कोरलेला. पैसे काढायला आलेला माणूस ते मुठीत धरून बाकावर बसायचा. तासाभराने कुरकुरत उठला, की काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "टोकन हातात आहे ना? मग बसा. पुकारतील."

निवृत्त झाल्यावर काका स्वतःच टोकनं घ्यायला लागले. ही दिसत नाहीत आणि टेबलावर आपटली तर वाजतही नाहीत.

काकांची पेढी म्हणजे ऑस्मोसिस नावाचं क्रिप्टो एक्स्चेंज. "लेका, बाकीची एक्स्चेंजं इथेरियमच्या चाळीत भाड्याने राहतात. आमचं घर स्वतःच्या प्लॉटवर! कॉसमॉसचं सामान आणून बांधलेली वेगळी ब्लॉकचेन, तीसुद्धा खास अदलाबदलीसाठी. जून 2021मध्ये वास्तुशांत झाली. आणि मुख्य म्हणजे, मधला माणूसच नाही!" हे सांगणारं तोंड 34 वर्षं मधल्या माणसाचं होतं, याची आठवण करून द्यायची माझी हिंमत होत नाही.

"मग समोर विकणारा कोण असतो?" मी एकदा विचारलं.

"कोणी नाही. डबे असतात." काकांनी काकूंचे तांदळाचा आणि तूरडाळीचा असे दोन डबे ओट्यावर मांडले. "डाळ हवी? यात तांदूळ ओत, त्यातली डाळ ने. डाळ जितकी कमी उरेल तितकी महाग. भाव डबेच ठरवतात. आणि ज्याने डबे भरून ठेवले, त्याला दर व्यवहारामागे चिमूटभर कमिशन."

काका अर्थात डबे भरणारे. ज्या जिनसाची किंमत पडते तोच लोक आणून ओततात आणि चांगला उचलून नेतात, हे काकांना मे 2022मध्ये कळलं. त्यांच्या एका डब्यात यूएसटी होतं. एक यूएसटी म्हणजे कायम एक डॉलर, असा वायदा होता. महिना संपेपर्यंत ते दहा सेंटांच्याही खाली गेलं आणि डब्यात कोंडा तेवढा उरला. काकू एवढंच म्हणाल्या, "माझे डबे जागेवर ठेवा."

पुढच्याच महिन्यात ऑस्मोसिसच्या प्रणालीत चूक सापडली. डब्यात घालून लगेच काढलं तर दीडपट हातात येत होतं. सुमारे 50 लाख डॉलर गेल्यावर अख्खी साखळीच थांबवावी लागली. "कोणी बंद करू शकत नाही म्हणाला होतात ना?" मी विचारलं. काका शांत. "जून आहे. हाफ-इयर्ली क्लोजिंग समज."

काकांच्या डिजिटल पाकिटाची किल्ली म्हणजे 24 इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमाने. कागदावर लिहिले तर रद्दीत जातील, मोबाइलमध्ये ठेवले तर चोरीला. म्हणून काकांनी ते संध्येतल्या चोवीस नावांच्या चालीवर पाठ केले आणि रोज अंघोळीच्या वेळी खड्या आवाजात म्हणू लागले. एकदा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या चौथीतल्या पोराने पहिले नऊ शब्द अचूक म्हणून दाखवले. त्याच रात्री काकांनी पाकीट बदललं. नव्या शब्दांची चाल अजून बसलेली नाही.

ऑस्मोसिसवर टोकनधारकांना मतदानही असतं. हो, नाही, तटस्थ आणि चौथा पर्याय 'नकाराधिकारासह नाही'. प्रस्ताव न वाचता काका चौथाच दाबतात. सोसायटीच्या सभेत ही सोय नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतं.

मध्यंतरी बाथरूमची गळती निघाली. प्लंबरला द्यायला पैसे हवेत म्हणून काकांनी डब्यातली रक्कम सोडवायचं बटण दाबलं. कुलूप 14 दिवसांचं होतं, हे ते विसरले होते. पडद्यावर आकडे उलटे चालू लागले : 13 दिवस, 23 तास, 59 मिनिटं. काकांनी पान वर नेलं, खाली नेलं. मॅनेजरचं केबिन कुठे दिसेना. "अरे, पैसे माझे आहेत! बोलायचं कोणाशी?" ते माझ्यावरच खेकसले.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि भिंतीजवळचं स्टूल पुढे सरकवलं.

"टोकन हातात आहे ना? मग बसा. पुकारतील."