काटा मारलेला कटला

आमच्या बारामती-इंदापूरकडं काटा या शब्दाचा फार दरारा आहे. माशातला नव्हे, तोलायचा. गळीत हंगाम सुरू झाला की पारावर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत एकच विषय: यंदा उसाचा काटा मारतायत का? पावतीवर क्विंटलभर कमी दिसलं तर माणसाला आठ दिवस जेवण गोड लागत नाही. हाच माणूस उजनी धरणाच्या कडेला गळ टाकून बसतो, वीतभर चिलापी लागते आणि घर येईस्तोवर ती किलोची होते. तिथं काटा मारतात तो स्वतःच्या बाजूनं.

दोष पाण्याचाही असावा. 1980 साली पूर्ण झालेलं हे धरण चांगल्या पावसाळ्यात 110 टक्के भरतं आणि उन्हाळ्यात उणे होतं. उणे म्हणजे कोरडं नव्हे. शून्य टक्क्यालाही तळाशी साधारण 63 टीएमसी मृतसाठा असतो. ज्या गावांनी हे आकडे रोज पेपरात वाचले, त्यांनी माशाच्या वजनाबाबत काटेकोर का राहावं?

पण मी पडलो मास्तर. मे महिन्यात पाणी उतरून पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं, तेव्हा बायकोचा शिवणकामाचा टेप खिशात घालून मेव्हण्याबरोबर गेलो. कणकेच्या गोळीला कटला लागला. अर्धा तास झुंजून बाहेर काढला आणि मेव्हण्यानं निकाल दिला, "दाजी, पाच किलोला मरण नाही!"

मी टेप काढला. मासा सपाट ठेवायचा, तोंड मिटवायचं आणि टेप त्याच्या शेजारून धरायचा. अंगावरून नेला की पोटाच्या फुगवट्याचे दोन सेंटीमीटर फुकट मिळतात. लांबी 55. मग पाठीवरच्या पराच्या पुढं, जिथं सगळ्यात जाड, तिथला घेर: 40. साहेब लोकांचं गणित इंच-पौंडांत असतं. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 800. सेंटीमीटर-किलोत भाजक होतो साधारण 29 हजार. मोबाइलवर उत्तर आलं, तीन किलो.

मेव्हण्याचा चेहरा उतरला. "टेप आवळून धरलाय तुम्ही." त्यानं स्वतः घेर मोजला, जरा सैल, 42. वजन एकदम तीनशे ग्रॅमनं वाढलं. लांबीत तेवढेच दोन सेंटीमीटर घुसवले असते तर जेमतेम शंभर ग्रॅम मिळाले असते. घेराची खोट वर्गानं फुगते. हे गणित त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण कुठं सैल सोडायचं ते बरोबर कळलं. तिसऱ्या खेपेला मीच टेप त्याच्या हातातून काढून घेतला.

शेजारी जाळं सोडवत बसलेल्या कोळी मामांनी आमचा तमाशा पाहिला. उठले, गालफडात बोट घालून मासा उचलला, एकदा हातावर झुलवला. "पावणेतीन. प्वॉट रिकामं हाय ह्याचं. पावसाळ्याच्या तोंडाला गाबोळी भरल्यावर ह्योच साडेतीन गेला आस्ता." होडीतल्या स्प्रिंगच्या काट्यावर टांगला: दोन किलो आठशे.

माझं गणित दोनशे ग्रॅमनं चुकलं होतं, मामा पन्नासनं. मेव्हणा म्हणाला, "तुमच्या काट्याची स्प्रिंग गेलीय, मामा."

भिगवणला चहाला थांबलो तेव्हा मासा साडेचार किलोचा होता. बारामतीत शिरताना सहाचा, आणि गळाची दोरी तुटता तुटता वाचली होती. मी दुरुस्ती केली नाही. घरी कटला साफ होऊन डोक्यासकट एका पातेल्यात मावला, सासूबाईंनी फोनवर विचारलं, "सहा किलो तुम्ही तिघांनी संपवला?" मी हो म्हणालो.

चार दिवसांनी बायको ब्लाउजचं माप घ्यायला बसली. टेप नाकाशी नेला, माझ्याकडं पाहिलं आणि चाळिसाच्या खुणेवर चिकटलेला खवला नखानं सोलून माझ्या पावतीच्या फाइलवर ठेवला.